खिशातलं बाहेर बोलायचं नाही

आयांना हसवणं फार सोपं. त्यांना फक्त दोन तास बसायला मिळालं पाहिजे, पाठीमागून कुणी "आई, माझा दुसरा मोजा कुठाय?" असं ओरडता कामा नये, आणि हातात दुसऱ्या कुणीतरी केलेल्या गरम कॉफीचा कप आला पाहिजे. एवढं जमलं की समोर कुणी बाराखडी वाचली तरी त्या पोट धरधरून हसतात. बेकरीच्या वरच्या हॉलात दर शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ हेच चालायचं. दारावर पाटी होती: 'फक्त आयांसाठी. मुलं, नवरे आणि सल्ले बाहेर ठेवावेत.'

आत माइक धरून उभी असायची ती पाकीटवाली.

हे नाव तिला पडलं ते दुकानामुळे. दिवसभर ती एका ड्रायक्लीनच्या दुकानात काउंटरवर असायची. तिथल्या म्हाताऱ्या मालकाचे नियम दोनच. पहिला, खिसा तपासल्याशिवाय कपडा आत जायचा नाही, कारण एक विसरलेलं पेन चाळीस शर्टांची वाट लावतं. दुसरा, खिशातलं बाहेर बोलायचं नाही. जे सापडेल ते खाकी पाकिटात घालायचं, वर टोकनचा नंबर टाकायचा, तोंड चिकटवायचं आणि कपड्याबरोबर गुपचूप परत करायचं. चौदा वर्षांत तिने काय काय नाही पाहिलं! एका गृहस्थाच्या कोटात त्याच्याच गावातल्या हॉटेलच्या खोलीची किल्ली निघाली होती. कपडे न्यायला त्याची बायको आली, तेव्हा हिने कोट तेवढा दिला आणि "पाकीट साहेबांनाच द्यायचंय, सही लागते" असं ठोकून दिलं. मालक कौतुकाने सांगायचा, "आमची बाई म्हणजे विहीर आहे, विहीर. आत पडलं ते पडलं."

या विहिरीला घरच्या गोष्टींसाठी मात्र नळ बसवलेला होता, आणि तो दर शुक्रवारी सहाला सुटायचा.

सुरुवात तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या पालकसभेत झाली. वर्गशिक्षिकेला यायला उशीर झाला, म्हणून हिने बसल्या बसल्या लेकीच्या डब्याची गोष्ट रंगवून सांगितली. बायका इतक्या हसल्या की एकीला खुर्चीवरून उठवेना. त्यात बेकरीची मालकीण होती. तिचा हॉल शुक्रवारी रिकामाच असायचा. झालं! पाकीटवाली कलाकार झाली.

कलाकाराला विषय लागतो. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरी आला की स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा गप्प बसून राहायचा. त्याच्यावर दोन मिनिटांच्या वर बोलण्यासारखं काही नाही, असं तिचं ठाम मत होतं. राहिली लेक. माइकवर तिचं नाव 'आमचं कन्यारत्न'. रत्नाला किती पैलू पाडायचे याला काही मर्यादाच नव्हती.

लेक दहा वर्षांची असताना शाळेची सहल मुक्कामाला गेली, आणि पोरगी पहिल्याच रात्री रडून परत आली. आईचा जुना स्वेटर उशाशी असल्याशिवाय तिला झोप यायची नाही. शुक्रवारी साठ आयांना हे कळलं, आणि आयांच्या तोंडात कुठे तीळ भिजतो? सोमवारी लेकीच्या बाकावर कुणीतरी एक फाटका स्वेटर घडी घालून ठेवला होता. संध्याकाळी ती म्हणाली, "आई, माझं काही सांगू नकोस ना गं तिथे."

"नाही सांगत राणी. शप्पथ."

आणि शुक्रवारी पाकीटवालीने सुरुवातच केली, "बायांनो, कन्यारत्नाने मला शपथ घातलीय, तुम्हाला काही सांगायचं नाही म्हणून!" आई गं, काय टाळ्या पडल्या! मिनिटभर थांबेनात. तिला वाटलं, पोरीने शपथ घातली ते बरंच झालं.

पुढच्या सोमवारी लेक घरी आली ती रडली नाही, भांडली नाही. हिने विचारलं, "काय झालं आज शाळेत?"

"काही नाही," लेक म्हणाली, आणि तेव्हापासून रोज तेच म्हणत राहिली. दोन वर्षं शाळेत काही म्हणजे काही झालं नाही. इमारत तरी उभी आहे की नाही, अशी शंका यावी.

पाकीटवालीची पंचाईत झाली. जुन्या गोष्टी किती दिवस उगाळणार? पण देव दयाळू असतो, निदान विनोद करणाऱ्या आयांच्या बाबतीत तरी. घरच्या कपड्यांचेही खिसे तपासायची तिच्या हाताला सवय होती, आणि एके दिवशी लेकीच्या शाळेच्या स्कर्टमधून एक चिठ्ठी निघाली. तो चक्क अर्ज होता. 'माननीय आई यांस. विषय: माझ्याशी बोलताना शेजारणीशी बोलत असल्यासारखा आवाज काढण्याबाबत.' शुक्रवारी बायकांनी हॉल डोक्यावर घेतला. मग दर आठवड्याला काही ना काही निघायला लागलं. एकदा मृत्युपत्र निघालं: 'माझी खोली कुणालाही द्यावी, पण किल्ली आईला देऊ नये.' एकदा आईच्या प्रश्नांचं वेळापत्रक: 'सोमवार, जेवलीस का. मंगळवार, जेवली का नाहीस. बुधवार, एवढं कशाला जेवलीस.'

"पोरगी बोलत नाही ती नाहीच," ती नवऱ्याला सांगायची, "पण वेंधळी किती! लिहिते आणि खिशात विसरते. माणूस खोटं बोलेल, खिसा खोटं बोलत नाही. चौदा वर्षांचा अनुभव आहे माझा."

नवरा "हं" म्हणायचा. त्याचा हा संवादही ती कधी वापरत नसे, इतका तो टाकाऊ होता.

अशा भरभराटीत एका शुक्रवारी पहिल्या रांगेत कार्यक्रमवाली येऊन बसली. ही बाई मोठमोठ्या नाट्यगृहांत कार्यक्रम लावायची. दोन तासांत ती एकदाही हसली नाही, नुसती वहीत लिहीत होती, त्यामुळे पाकीटवालीची पाचावर धारण बसली. शेवटी तिने हिला बाजूला घेतलं. "पुढच्या शनिवारी संध्याकाळी नाट्यगृहात या. चारशे आया. जमलं तर वर्षभर गावोगाव फिरू, तुम्हाला दुकान सोडता येईल. पण मला नवीन दहा मिनिटं हवीत. मुलगी तेरा वर्षांची ना? मग लेक वयात येते, त्याच्यावर करा. आया वेड्या होतील."

"पण अजून तसं काही झालेलं नाही हो," पाकीटवाली म्हणाली.

"मग होईल की. बघा जरा."

जणू काही ते आईच्या हातात असतं! पण हिने खरंच बघायला सुरुवात केली. बाकीच्या आया त्या दिवसाची धास्ती घेतात, ही पाहुण्याची वाट पाहावी तशी रोज दारात उभी.

"पोट दुखतंय का गं?"

"नाही."

"कंबर?"

"नाही."

"उगीच चिडचिड होतेय का?"

"आत्ता होतेय," लेक म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

बुधवारी स्कर्टच्या खिशाने पुन्हा हात दिला. 'मोठं होण्याआधी करायची कामं,' असं वर लिहिलेलं. 'एक, आईला हळूहळू सांगणे, तिला धक्का सहन होत नाही. दोन, बाबांना अजिबात न सांगणे, ते लिफ्टमध्ये लपून बसतील. तीन, अजून काहीच झालेलं नाही, तरी चेहरा गंभीर ठेवायला शिकणे.' पाकीटवालीने त्या कागदाचा मुका घेतला. दहा मिनिटं? यावर वीस मिनिटं सहज निघाली असती! आरशासमोर उभी राहून तिने तालीमही करून टाकली.

गुरुवारी दुपारी नवरा कामावर जाता जाता दुकानात डोकावला आणि एक लोकरी कोट काउंटरवर टाकून गेला. "ताईचा आहे. रात्रपाळी करून आली होती, अर्धवट झोपेतच दिला तिने."

ताई म्हणजे हिची थोरली नणंद, इस्पितळात नर्स. लग्न केलं नव्हतं, दर रविवारी भाचीला भेटायला यायची. मोजकं बोलायची आणि शुक्रवारच्या कार्यक्रमाला कधी फिरकायची नाही. पाकीटवालीचं म्हणणं असं, की बाईला विनोदाचं वावडंच आहे.

सवयीने तिचा हात कोटाच्या खिशात गेला. चार घड्या घातलेला कागद लागला. एरवी तिने तो तसाच पाकिटात टाकला असता, पण बाहेरच्या घडीवर 'आत्या' असं लिहिलं होतं, आणि अक्षर घरचं होतं.

'आत्या, या वेळी पाच दिवस उशिरा आली. चालतं ना? पोट पहिल्या वेळेइतकं दुखलं नाही. निळ्या पिशवीतले पॅड संपले, रविवारी आणशील का? आईला सांगू नकोस. ती वाईट नाहीये, पण ती सांगते. तिच्यासाठी खिशात ठेवायची नवीन यादी केलीय, मागे आहे. हसू येतंय का बघ.'

मागे यादी होती. तीच, 'मोठं होण्याआधी करायची कामं'. दुसऱ्या ओळीत आधी 'बाबा कपाटात लपून बसतील' असं होतं. 'कपाटात' वर लाल पेनाने काट मारून नणंदेने बाजूला लिहिलं होतं, 'लिफ्टमध्ये जास्त बरं वाटेल.'

खरं सांगायचं तर पाकीटवालीच्या मनात पहिला विचार आला तो असा: अरे देवा, हे तर सोनं आहे! पोरगी चिठ्ठ्या लिहिते, वावडं असलेली नणंद त्या तपासते, आणि आई माइकवर वाचून दाखवते! चारशे आया खुर्च्यांवरून खाली पडतील. हा विचार चांगला दोन श्वास टिकला. त्याची लाज तिला पुढे बरेच दिवस पुरली.

मग तिची नजर 'पहिल्या वेळेइतकं' या शब्दांवर गेली.

पहिली वेळ कधी? ती काउंटरला धरून आठवू लागली. सहा महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी लेक शाळेतून लवकर आली होती, पोटाशी उशी धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. हिने दारातून विचारलं होतं, "परीक्षेची भीती का?" आणि उत्तराची वाट न बघता आरशासमोर तालमीला उभी राहिली होती. 'परीक्षेचं पोट' म्हणून त्या संध्याकाळी पाच मिनिटं झालीसुद्धा. पोरीने कुणाला सांगितलं असेल त्या दिवशी? कुणी गरम पाण्याची पिशवी दिली असेल? ती तेव्हा पलीकडच्या खोलीत होती, हाकेच्या अंतरावर, आणि हाक आली नाही. तिला काउंटरवरच रडू कोसळलं.

मालकाने आतून विचारलं, "काय निघालं गं खिशात?"

"काही नाही," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिला कळलं, की हे उत्तर रोज कोण देतं.

चौदा वर्षं तिने परक्या माणसांच्या किल्ल्या, पत्रं आणि पापं पाकिटात घालून परत केली होती. ज्यांची ती कुणी लागत नव्हती त्यांच्यासाठी विहीर, आणि पोटच्या पोरीसाठी दवंडी. तिने कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, खाकी पाकिटात टाकला, नंबर लिहिला आणि तोंड चिकटवलं.

शुक्रवारी कोट परत गेला. शनिवारच्या तयारीसाठी हॉलाला त्या दिवशी सुट्टी होती, आणि संध्याकाळी घरी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, पाकीट मिळालं."

"हो ताई, खिशात काहीतरी होतं तुमच्या."

"वाचलंस?"

"आम्ही वाचत नाही," पाकीटवाली म्हणाली.

"बरं," नणंद म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारचं नाट्यगृह गच्च भरलं होतं. पाकीटवाली पडद्यामागे उभी होती. बाहेर कार्यक्रमवाली सांगत होती, "आता ऐका, लेक वयात येते तेव्हा आईचं काय होतं!" चारशे आया आधीच हसत होत्या. हातात बुधवारची चिठ्ठी होती. ती वापरायला तशी हरकत काय होती? पोरीने ती त्याच्यासाठीच तर लिहिली होती. पण आता पाकीटवालीला माहीत होतं, की ती चिठ्ठी म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे टाकलेली भाकरी आहे. भाकरी चविष्ट होती, नाही असं नाही. तिने ती पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

ती बोलली कपड्यांवर. डागांवर, इस्त्रीवर, बटणांवर. पहिल्या मिनिटाला आया हसल्या, दुसऱ्या मिनिटाला प्रेमाने हसल्या, तिसऱ्याला खोकल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "पोरीचं सांगा की!"

"पोरगी आज सुट्टीवर आहे," ती म्हणाली. यावर एकच बाई हसली, बहुतेक तिची पोरगीही सुट्टीवर असावी.

कार्यक्रम सपशेल पडला. कार्यक्रमवाली तिला दारापर्यंत सोडायला आली. "कपडे तर आम्ही घरी धुतोच हो," ती म्हणाली. "बघू, कळवते." हे 'कळवते' म्हणजे काय, ते कळायला नाट्यशास्त्र शिकावं लागत नाही. सोमवारी पाकीटवाली पुन्हा काउंटरवर होती.

त्याआधी रविवारी सकाळी लेकीने बशीत बघत विचारलं, "कसा झाला कालचा?"

"पडला."

"पडला? कसा काय?"

"माझ्याकडे सांगायला काही नव्हतं."

"काही नव्हतं कसं? खिशात..." लेकीने जीभ चावली. पाकीटवालीने मान वर केली नाही. तिला विचारायचं होतं, रडायचं होतं, पोरीला पोटाशी धरून सहा महिन्यांची माफी मागायची होती. यातलं काहीही केलं असतं तर नणंदेचं पाकीट फुटलं असतं. ती टोस्टला लोणी लावत राहिली. गप्प बसणं हे एवढं कष्टाचं काम असेल, हे नवऱ्याकडे बघून तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने एकच केलं. घरचे कपडे धुवायला टाकताना लेकीच्या खिशांना हात लावायचं सोडलं.

पुढच्या गुरुवारी नवरा न्हाणीघरातून ओरडत आला. दोन वर्षांतलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य होतं. "ड्रायक्लीनवालीच्या घरी माझ्या काळ्या पॅंटवर हा कागदाचा भुगा कुठून आला, मला कुणी सांगेल का?"

खरंच, मशीनमधला एकूण एक कपडा पांढऱ्या कागदाच्या कणांनी माखला होता. पाकीटवाली खाली फरशीवर बसली आणि एकेक कण वेचू लागली. थोड्या वेळाने लेक दारात येऊन उभी राहिली. भुगा पाहून तिचा चेहरा उतरला.

"खिसा नाही बघितलास?"

"नाही."

"तू? कधीपासून?"

"शनिवारपासून."

लेक हळूच आत आली, समोर बसली आणि बाबांच्या पॅंटचा दुसरा पाय तिने आपल्याकडे ओढला. दोघी वेचत राहिल्या. चिठ्ठीत काय होतं, हा प्रश्न पाकीटवालीच्या जिभेच्या टोकावर उड्या मारत होता. तिने ओठ मिटून घेतले.

"विनोद नव्हता या वेळी," लेक शेवटी म्हणाली.

"बरं."

"विचारत नाहीस, काय होतं ते?"

"तुला सांगावंसं वाटलं तर सांग."

लेकीने नखाने एक कण खरवडला. "आई, मला सुरू झालंय. आत्ता नाही, सहा महिने झाले. आत्याला माहितीये."

पाकीटवालीला हे माहीत होतं, तरी पोरीच्या तोंडून ऐकताना तिचं वेचणं थांबलं. "दुखलं का गं फार, पहिल्यांदा?" एवढंच तिने विचारलं.

"हो," लेक म्हणाली, आणि तेरा वर्षांच्या त्या पोरीचे डोळे भरून आले. मग तिने नाक पुसलं आणि थेट आईकडे पाहिलं. "हे उद्या सांगणार?"

"नाही. खिशातलं आम्ही बाहेर बोलत नाही."

"पण हे खिशातलं नाहीये. तोंडाने सांगितलंय."

"मग तर मुळीच नाही."

"तू मागेही शप्पथ घेतली होतीस." लेक उठली आणि पॅंट झटकली. "शुक्रवारी बघू."

शुक्रवारी बेकरीवरच्या हॉलात शेवटच्या रांगेत नणंद बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा आली होती, तीही इस्पितळाच्या गणवेशात, हाताची घडी घालून. ती हसायला आलेली नव्हती, हे पाकीटवालीने माइकवरूनच ओळखलं. पोरीने निरीक्षक पाठवला होता! बाकीच्या आया कॉफीचे कप सावरत ओरडल्या, "कन्यारत्न! कन्यारत्न!"

पाकीटवालीने माइक जवळ घेतला. "बायांनो, कन्यारत्न सेवानिवृत्त झालं. आजपासून नवरा."

आणि मग तिने ते टाकाऊ 'हं' काढलं. त्या एका 'हं'चे सतरा अर्थ करून दाखवले. दोन वर्षांतलं सर्वांत लांब वाक्य सांगितलं. दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करणारा माणूस घरी सोफ्यावर बसल्या जागी कसा बंद पडतो, ते करून दाखवलं. दोन मिनिटांचा ऐवज चांगला चाळीस मिनिटं पुरला. शेवटच्या रांगेत हाताची घडी कधीच सुटली होती. सख्ख्या भावाची अब्रू अशी वेशीवर टांगली जात असताना विनोदाचं वावडं असलेली ती नर्स डोळे पुसत पुसत हसत होती.

घरी दार लेकीने उघडलं. आत्याचा फोन आधीच येऊन गेला असावा, कारण तिने कार्यक्रम कसा झाला ते विचारलं नाही. आत सोफ्यावर नवरा बसला होता. आपली सार्वजनिक मालमत्ता झाली आहे याची त्याला काही कल्पना नव्हती.

पाकीटवालीने चपला काढल्या, सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काय बघतेस?" लेक म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली. "बस ना. आज शाळेत काय झालं, सांगते."